वर्ग रिकामा राहतो तेव्हा जाब कुणाला?

नवी मुंबईत घणसोली, तुर्भे किंवा नेरूळमधली एखादी खाजगी अनुदानित माध्यमिक शाळा डोळ्यांपुढे आणा. आठवीच्या गणिताचे तास सहा महिने बुडत आहेत, मुलांच्या वह्या कोऱ्या आहेत. पालक जमून तक्रार देतात. गणिताच्या सरांना कारणे दाखवा नोटीस जाते, पुढे चौकशीही लागते. या सगळ्या कागदांत एक प्रश्न बहुधा कुठेच नसतो: या सहा महिन्यांत मुख्याध्यापकांनी काय केलं?

हा प्रश्न रास्त आहे, कारण शिक्षकाच्या जवळजवळ प्रत्येक कागदाला मुख्याध्यापकांचा हात लागलेला असतो. मस्टर त्यांच्या टेबलावर असतं, टाचण वही त्यांच्या सहीसाठी जाते, रजेचा अर्ज त्यांच्याकडे येतो. शिक्षक आले नाहीत तर त्या तासाला कुणाला पाठवायचं, हेही तिथेच ठरतं. वर्गात मागे बसून पाठ पाहणं आणि लॉगबुकात त्याची नोंद करणं हे तर त्यांचं मूळ काम. एक तास बुडाला तर शिक्षकाला विचारावं. तोच तास सहा महिने बुडत राहिला, तर माझ्या मते दोघांनाही विचारायला हवं.

कायदा काय म्हणतो ते पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २४ शिक्षकाची कर्तव्यं एकेक करून सांगतं: वेळेवर येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं, प्रत्येक मुलाची कुवत जोखून गरज पडली तर जादा शिकवणं, पालकांशी नियमित बोलणं. यात कसूर झाली तर शिस्तभंगाची कारवाई, असंही तिथेच म्हटलं आहे. मुख्याध्यापक मात्र या कायद्यात भेटतात ते मुख्यतः परिशिष्टातल्या आकड्यांत. पहिली ते पाचवीला १५० पेक्षा जास्त मुलं असतील तर मुख्याध्यापक हवेत, सहावी ते आठवीला १०० पेक्षा जास्त असतील तर पूर्णवेळ हवेत. मुख्याध्यापकही शिक्षकच असतात, त्यामुळे कलम २४ त्यांनाही लागू धरता येतं. पण देखरेख कशी करायची आणि ती केली नाही तर काय, हे तिथे शिक्षकाइतकं उघड लिहिलेलं नाही.

ती उणीव खाजगी शाळांपुरती राज्याचा कायदा काही अंशी भरून काढतो. हा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. शाळेला अनुदान असो वा नसो, तो खाजगी शाळांना लागू आहे. त्याखालच्या १९८१ च्या नियमावलीत दरवर्षीचा गोपनीय अहवाल आहे. शिक्षकांचा अहवाल मुख्याध्यापक लिहितात, मुख्याध्यापकांचा संस्था लिहिते. या नियमातली एक तरतूद फार महत्त्वाची आहे. अहवाल लिहिलाच नाही, किंवा प्रतिकूल शेरा मुदतीत कळवला नाही, तर त्या वर्षाचं काम समाधानकारक होतं असंच धरलं जातं. म्हणजे ज्या मुख्याध्यापकांनी वर्षभर गप्प राहून कागद कोरा ठेवला, त्यांनी त्या शिक्षकावर पुढे होऊ शकणारी कारवाई आधीच कमकुवत केलेली असते. आणि संस्थेने मुख्याध्यापकांचा अहवाल टाळला, तर तोच लाभ त्यांनाही मिळतो. गप्प राहण्याचा इतका फायदा मिळावा, ही मला या व्यवस्थेतली सर्वांत घातक तरतूद वाटते.

गंभीर आरोप असेल तर चौकशी समिती बसते. शिक्षकाच्या चौकशीत तिघे असतात: संस्थेचा एक प्रतिनिधी, शिक्षकाने स्वतः निवडलेला एखाद्या खाजगी शाळेचा एक कर्मचारी, आणि राज्य वा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून घेतलेला एक जण. मुख्याध्यापकांची चौकशी असेल तर संस्थेचे अध्यक्ष स्वतः बसतात. दुसरा सदस्य मुख्याध्यापक निवडतात, तिसरा पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांच्या यादीतून अध्यक्ष निवडतात. दोन्ही समित्यांत पालकांना जागा नाही. ज्या अध्यक्षांनी मुख्याध्यापकांना नेमलं, त्यांचे गोपनीय अहवालही लिहिले, त्यांनीच आता त्यांचा न्याय करायचा असतो. त्यामुळे मर्जीतले मुख्याध्यापक वाचतात. उलटही घडतं, आणि ते विसरू नये: संस्थेच्या गैरव्यवहाराला हरकत घेणाऱ्या सरळ मुख्याध्यापकांना याच वाटेने घरी पाठवता येतं.

त्यासाठीच शाळा न्यायाधिकरण आहे. नवी मुंबईचं स्वतःचं न्यायाधिकरण आहे. बडतर्फी झाली, पदावनती झाली किंवा बढतीत डावललं गेलं, तर कर्मचाऱ्याला ३० दिवसांत तिथे अपील करता येतं. अपिलात समितीची रचनाच चुकलेली निघाली, तर खरा दोषीसुद्धा पुन्हा कामावर येऊ शकतो. म्हणून घाईघाईने ‘काढून टाका’ म्हणण्यापेक्षा चौकशी नियमाने होते आहे ना, यावर पालकांनी लक्ष ठेवलेलं बरं.

महापालिकेच्या शाळांची वाट वेगळी. तिथले मुख्याध्यापक महापालिकेचे कर्मचारी असतात आणि शिस्तभंगाचा अधिकार १९४९ च्या महापालिका अधिनियमातल्या कलम ५६ मधून येतो. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. कोपरखैरण्याच्या महापालिकेच्या सीबीएसई शाळेत पुरेसे शिक्षक मिळावेत म्हणून पालकांना आंदोलन करावं लागलं. शिक्षक नेमणं मुख्याध्यापकांच्या हातात नसतं. मग जाब मुख्यालयाला विचारायचा. मुख्याध्यापकांना विचारायचं ते एवढंच, की रिक्त पदांबद्दल तुम्ही वर लेखी कळवलं का, आणि कधी? पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती, निवडणुकीची कामं यांत त्यांचा दिवस जातो हेही खरं. पण पत्र लिहायला लागणारा वेळ त्यातूनही निघतो.

एका बाबतीत मात्र कायदा संस्थेच्या आडून न जाता थेट मुख्याध्यापकांपर्यंत पोचतो. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहानग्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण उघड झालं, २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या प्रकरणात आरोपीखेरीज मुख्याध्यापिका आणि संस्थेचे पदाधिकारी यांच्यावरही पोक्सोखाली गुन्हा नोंदवला गेला. ‘आधी आपल्यात चौकशी करू, मग पोलिसांना सांगू’ ही शाळांमधली जुनी सवय आहे. कायद्यात तिला जागा नाही.

राहिले पालक. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या. सदस्य सचिव मात्र मुख्याध्यापकच, म्हणजे ज्यांच्या कामावर समितीने लक्ष ठेवायचं, इतिवृत्तही तेच लिहिणार. खाजगी शाळांच्या शुल्क कायद्याखालच्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतही अध्यक्षपद त्यांच्याकडेच असतं. म्हणून बैठकीत तोंडी बोलून थांबू नये. मुद्दा लेखी द्यावा, तो इतिवृत्तात आला का ते पाहून मगच सही करावी.

आता सुरुवातीच्या त्या गणिताच्या तक्रारीकडे येऊ. अर्ज संस्थेच्या अध्यक्षांच्या नावे करावा, प्रत ठाणे जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. त्यात सरांचे बुडालेले तास तारखांसह लिहावेत, आणि त्याखाली मुख्याध्यापकांबद्दल चार प्रश्न: या काळात हा वर्ग तुम्ही किती वेळा पाहिलात, लॉगबुकात काय नोंदलंत, सरांना लेखी समज कोणत्या तारखेला दिलीत, आणि त्या तासांना बदली शिक्षक म्हणून कुणाला पाठवलंत? दोन्ही कार्यालयांतून शिक्का मारलेली पोच घ्यावी.