फोटो झाकून वाचा

कोल्हापुरातल्या मुलांना ‘लक्ष्मी काढा’ म्हटलं की कागदावर काय उमटणार, हे चित्रकलेचा शिक्षक म्हणून मी आधीच सांगू शकतो. गुलाबी कमळावर उभी गोरीपान देवी, वरच्या दोन हातांत कमळं, शेजारी तळ्यात सोंड उचललेला हत्ती. हीच मुलं शुक्रवारी आईबरोबर अंबाबाईला जातात. ती काळ्या पाषाणाची; हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, पाठीशी सिंह. अंबाबाई लक्ष्मी की आदिशक्ती, हा वाद राहू द्या. घरोघरी तिला महालक्ष्मी म्हणतात हे तर खरं. पूजा बांधलेली असल्यावर हातातलं नीट दिसत नाही, हेही कबूल. तरी एखाद्याच्या कागदावर सिंह यायला काय हरकत होती?

मुलांची ही लक्ष्मी राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातली. 1894 साली त्यांनी मुंबईत तो काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळी शिळा, छापावर छाप. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यांच्याही भिंतीवर देव आले, हे त्या छापांचं मोठंच काम. मग कॅलेंडरवाल्यांनी तीच लक्ष्मी उचलली, उदबत्तीच्या पुड्यांवर तीच आली. ठिकठिकाणच्या मूर्तींतली आणि ओव्यांतली वेगवेगळी रूपं मागे पडली.

चित्राचं हेच बळ आहे. वाक्यात ‘कारण’ असतं, ‘पण’ असतं, ‘जर’ असतं; तिथे थांबून हुज्जत घालता येते. चित्रात फक्त ‘आहे’ असतं. हुज्जत घालायला जागाच नाही.

फोटोचंही तसंच. 2002 साली मानसशास्त्रज्ञ किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी 20 जणांना त्यांच्या लहानपणचे फोटो दाखवले. त्यांत एक बनावट होता: गरम हवेच्या फुग्यातून केलेली सफर. ती सफर झालीच नव्हती. तरी काही मुलाखतींनंतर निम्म्या लोकांना ती थोडीफार ‘आठवू’ लागली. डोळ्यांसमोर सहज उभं राहतं ते आपण पाहिलेलंच असणार, असं मन धरून चालतं.

2012 सालच्या, मानसशास्त्रज्ञ एरिन न्यूमन यांच्या प्रयोगाचा मला जास्त धसका वाटतो, कारण त्यात बनावट काहीच नव्हतं. प्रसिद्ध व्यक्तीचं नाव आणि ‘ही व्यक्ती हयात आहे’ असं विधान. सोबत तिचा साधा फोटो असला की ‘खरं’ म्हणण्याकडे लोकांचा कल वाढे. ‘हयात नाही’ असं लिहिलं तरी फोटोमुळे कल ‘खरं’कडेच. म्हणजे फोटोने सिद्ध काहीच केलं नव्हतं, वाक्याला नुसतं वजन दिलं होतं.

पंचगंगेला पाणी चढलं की आमच्या पालकांच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो. गढूळ पाणी, बुडालेला रस्ता, खाली ‘आत्ताची परिस्थिती’. तारीख नाही, ठिकाण नाही. फोटो अस्सलही असेल, पण मागच्या पुराचा किंवा दुसऱ्याच गावचा. म्हणून ‘फोटो खरा की खोटा’ एवढं विचारून भागत नाही. वर्गात मी मुलांना सांगतो, आधी फोटो तळहाताने झाका आणि खालचं वाक्य एकटं वाचा. कुणी सांगितलं, कधीचं, कुठलं, हे त्या वाक्यातून कळत नसेल, तर ते पुढे पाठवायचं नाही.