स्टेंटवरच्या लेपाची वीस वर्षं

डिसेंबर १९९९मध्ये ब्राझीलमधल्या साव पावलो शहरात डॉ. एदुआर्दो सोउझा यांनी हृदयाच्या धमनीत सिरोलिमस या औषधाचा लेप असलेला स्टेंट बसवला. तोवर साधा धातूचा स्टेंट बसवलेल्या साधारण पाचातल्या एका रुग्णाची धमनी आत पेशी वाढून पुन्हा अरुंद व्हायची. २००२च्या 'रॅव्हेल' चाचणीत औषधी स्टेंटच्या गटात सहा महिन्यांनी अशी एकही धमनी आढळली नाही. त्या शून्यानं डॉक्टरांना भुरळ घातली.

पण औषध धरून ठेवणारा, ते हळूहळू सोडणारा पॉलिमरचा लेप कायमचा होता. औषध संपलं तरी तो धमनीच्या भिंतीला लागून राही. २००४मध्ये डॉ. रेणू विरमानी आणि सहकाऱ्यांनी स्टेंट बसवल्यावर १८ महिन्यांनी गुठळी होऊन दगावलेल्या रुग्णाचा शवविच्छेदन अहवाल प्रसिद्ध केला. धमनीत तीव्र ॲलर्जीची सूज होती आणि संशय पॉलिमरवर होता. २००६मध्ये बार्सिलोनात झालेल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत उशिरा होणाऱ्या गुठळ्यांवरून खळबळच उडाली.

उपाय शस्त्रक्रियागृहातच होता. विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांत लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांची पॉलिमरं १९७०च्या दशकापासून वापरात होती. शरीरातल्या पाण्यानं त्यांच्या साखळ्या तुटतात. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. असा लेप वापरणाऱ्या 'लीडर्स' चाचणीत १,७०७ रुग्ण होते. त्यांचा पाच वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा पहिल्या वर्षानंतरच्या गुठळ्या विरघळणाऱ्या लेपाच्या गटात कमी दिसल्या. २०१५मध्ये अमेरिकेनं मान्यता दिलेल्या 'सिनर्जी'चा लेप तर सुमारे चार महिन्यांत नाहीसा होतो.

तरी सगळं श्रेय लेपाचं नाही. स्टेंटची तारही बारीक झाली: सिरोलिमसचा लेप असलेल्या जुन्या 'सायफर'ची तार सुमारे १४० मायक्रॉन जाड होती, 'सिनर्जी'ची ७४. कायमचे लेपही सुधारले आणि आज दोन्ही प्रकारांचे निकाल जवळपास सारखे येतात. उलट, अख्खा विरघळणारा 'ॲबसॉर्ब' स्टेंट गुठळ्यांचं प्रमाण वाढल्यानंतर २०१७मध्ये बाजारातून गेला. सुरतेत बनलेला विरघळणाऱ्या लेपाचा 'सुप्राफ्लेक्स' मात्र २०१९मध्ये युरोपातल्या 'टॅलेंट' चाचणीत नावाजलेल्या परदेशी स्टेंटच्या तोडीस तोड ठरला.

फेब्रुवारी २०१७मध्ये भारतात स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली, ते योग्यच झालं. तेवढाच आग्रह आपण दीर्घ पाठपुराव्याचा धरायला हवा. सहा महिन्यांत जे शून्य दिसलं, त्याचा खरा अर्थ पुढच्या वर्षांतल्या रुग्णांनीच सांगितला.