रुतलेले जहाज आणि जीवरक्षक होडी
(शिक्षकांनी वर्गात सांगावयाची माहिती)

पावसाळ्यात एखादे जहाज किनाऱ्यास लागल्याची वार्ता आली, की दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्नांची झुंबड उडते. एवढे मोठे जहाज वाळूत रुतते कसे? किनारा समोर दिसत असता खलाशी पोहून का येत नाहीत? जहाजावर होड्या असतात, मग त्यांत बसून ते का उतरत नाहीत? हे प्रश्न बालसुलभ असले, तरी त्यांची उत्तरे सोपी नाहीत. भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय त्यांत गुंफलेले आहेत.

हा विषय आपल्या मुलांना परका नाही. मुंबईत भायखळा आणि रे रोड यांच्या मध्ये घोडपदेव ही जुनी कामकरी वस्ती आहे. तिच्या पूर्वेस, रेल्वेचे रूळ ओलांडले की, जुनी जहाजे मोडण्याच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेला दारूखाना लागतो. माझगावची गोदी आणि भाऊचा धक्काही जवळच. गोदीत आणि गिरण्यांत कामास आलेली कोकणातील व घाटावरील कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. आपल्या शाळांतील कित्येक मुलांचे काका-मामा अशाच वस्त्यांतून राहतात, कोणी गोदीत तर कोणी जहाजावर काम करतात. ज्याच्या घरचा माणूस समुद्रावर आहे, त्याला जहाजाची वार्ता ही नुसती करमणुकीची गोष्ट नसते.

जहाज किनाऱ्यास का लागते?

आपला किनारा पश्चिमेस आहे आणि पावसाळ्यातील वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजेच त्या चार महिन्यांत वारा आणि लाटा ही दोन्ही समुद्रावरील वस्तूला जमिनीकडे लोटतात. जहाजाचे यंत्र चालू असेल तर ते या रेट्यास तोंड देते. यंत्र बंद पडले, नांगर घसरला किंवा ओढणारा दोर तुटला, तर जहाजाची गत पाण्यावर पडलेल्या ओंडक्यासारखी होते.

सन २०११ च्या पावसाळ्यात मुंबईने जहाजांच्या तीन दुर्घटना पाहिल्या. जून महिन्यात ‘विस्डम’ नावाचे जुने मालवाहू जहाज कोलंबोहून गुजरातेतील अलंग येथे मोडण्यासाठी ओढून नेले जात होते. वाटेत दोर तुटला आणि ते वाहत येऊन जुहूच्या वाळूत रुतले. त्यावर माणूस नव्हता. जुलै अखेरीस ‘पवित’ नावाचे छोटे तेलवाहू जहाज त्याच किनाऱ्याच्या परिसरात येऊन लागले. त्यावरील खलाशांची ओमानजवळच्या समुद्रात सुमारे एक महिन्यापूर्वीच सुटका झाली होती. रिकामे जहाज मात्र बुडाले नाही. वारा व प्रवाह यांच्या आधारे अरबी समुद्र ओलांडून ते आपल्या दारी आले. पुढे ४ ऑगस्ट रोजी ‘राक कॅरियर’ हे कोळशाने भरलेले जहाज मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर बुडाले. त्यावरील तीसही माणसे वाचली.

तिन्ही घटना एकत्र मांडल्या, की एक गोष्ट मुलांच्या सहज ध्यानी येते. जहाजाचे प्राक्तन आणि माणसांचे प्राक्तन ही दोन निराळी आहेत. जहाज गमावूनही सर्व माणसे वाचविता येतात, आणि बचावकार्याचे यश त्यावरूनच मोजावयाचे असते.

जीवरक्षक होडी म्हणजे काय?

‘लाइफबोट’ हा शब्द मुलांच्या कानांवर असतो. मालवाहू जहाजावरील आजची लाइफबोट ही उघडी होडी नसते. ती नारिंगी रंगाची, वरून संपूर्ण बंद, स्वतःचे यंत्र असलेली असते. आत प्रत्येकाला बांधून घेण्यासाठी पट्टे, पिण्याचे पाणी, खाद्य, औषधे व धुराचे आणि प्रकाशाचे इशारे ठेवलेले असतात. रंग नारिंगी असतो, कारण निळ्या-करड्या पाण्यावर तो दुरून ओळखू येतो.

या होड्यांच्या मागे एक दुःखद इतिहास आहे. सन १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाले, तेव्हा त्यावर सुमारे बावीसशे माणसे होती. होड्यांत जागा मात्र ११७८ जणांचीच होती. त्यानंतर १९१४ साली लंडन येथे समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज १९७४ चा करार, वेळोवेळच्या सुधारणांसह, अमलात आहे. मालवाहू जहाजाच्या दोन्ही बाजूंना होड्या असतील, तर प्रत्येक बाजूच्या होड्यांत सर्व माणसे मावली पाहिजेत असा दंडक त्यात आहे. जहाज एका अंगावर कलले, की वर गेलेल्या बाजूची होडी पाण्यात सोडणे कठीण होते. म्हणून दुसऱ्या बाजूस पुरेशी जागा हवी. काही जहाजांच्या मागील भागी उतरत्या घसरगुंडीवर एकच होडी ठेवलेली असते. माणसे पाठमोरी बसून स्वतःस बांधून घेतात आणि होडी त्यांच्यासह उंचावरून थेट पाण्यात झेपावते.

मग होडीतून का उतरत नाहीत?

आता मुलांच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. खोल समुद्रातील लाट एकसारखी वर-खाली होते. ती किनाऱ्याकडे येऊ लागली आणि पाणी उथळ झाले, की तिचा वेग कमी होतो, उंची वाढते आणि अखेर तिचा माथा पुढे कोसळतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट राहिली, की लाट फुटते. तीन मीटर उंचीची लाट सुमारे चार मीटर खोल पाण्यात फुटू लागते. ज्या जहाजाचा पाच मीटर भाग पाण्याखाली असतो, ते पाच मीटर खोलीवरच रुतून बसते. म्हणजे जहाज आणि किनारा यांच्या मधला पट्टा हा नेमका फुटणाऱ्या लाटांचा पट्टा ठरतो. अंतर थोडे दिसते. परंतु समुद्राचा सर्वांत दांडगा भाग तोच होय. तेथे आडवी झालेली होडी क्षणात उलटते. झेपावणाऱ्या होडीची अडचण तर आणखी निराळी. खाली पाणी उथळ असेल, तर ती तळाशी आदळेल.

म्हणून रुतलेल्या जहाजावरील कप्तान पुष्कळदा खलाशांना जहाजावरच थांबवून मदतीची वाट पाहतो. होडी उतरवावयाचीच असेल, तर लाटांकडील बाजू सोडून जहाजाच्या आडोशाच्या बाजूने ती उतरवितात. नाही तर हेलिकॉप्टरमधून दोर सोडून एकेकास वर घेतात, किंवा किनारा व जहाज यांच्यामध्ये दोर ताणून माणसे आणतात. जहाज अभंग असेल, तोवर तेच खलाशांची सर्वांत मोठी जीवरक्षक होडी असते.

सन २०२१ च्या मे महिन्यातील ‘तौक्ते’ चक्रीवादळात याचा प्रत्यय आला. स्वतःचे यंत्र नसलेल्या दोन तराफानौका त्या वादळात वाहवल्या. ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ ही पालघरच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात रुतली. तिच्यावरील १३७ माणसांची सुटका झाली. ‘पी-३०५’ ही मात्र हीरा तेलक्षेत्राच्या परिसरात, भर समुद्रात बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती. नौदलाने व तटरक्षक दलाने प्रचंड लाटांत शोध घेऊन १८६ जणांस वाचविले. उरलेली माणसे घरी परतली नाहीत. वादळाची सूचना मिळताच सुरक्षित जागी येणे हे कोणत्याही होडीपेक्षा अधिक मोलाचे, हा धडा त्या घटनेने दिला.

मदतीची हाक

होडी कितीही चांगली असली, तरी तिच्याकडे येणारे कोणी हवे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट किनारा फार दूर नसतानाही बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. जवळपासच्या कोळी बांधवांनी होड्यांतील मासळी समुद्रात टाकून देऊन बुडणाऱ्यांना आत घेतले, असे आजही सांगतात. तेव्हा समुद्रावरील शोध व सुटका हेच कर्तव्य मानणारे स्वतंत्र दल आपल्याकडे नव्हते. भारतीय तटरक्षक दलाची सुरुवात १९७७ साली झाली. आता संकटातील जहाजावरील यंत्र उपग्रहामार्फत आपले स्थान कळविते, आणि मुंबईतील समन्वय केंद्र जवळच्या जहाजांना व विमानांना तिकडे वळविते. किनाऱ्यावरील नागरिकासही १५५४ या क्रमांकावर तटरक्षक दलास वर्दी देता येते.

वर्गात काय करावे?

पहिला पाठ प्रयोगाचा घ्यावा. रुंद परातीत एका बाजूस वाळूचा उतार करून पाणी भरावे आणि दुसऱ्या बाजूने पाटी हलवून लाटा काढाव्यात. लाट कोठे फुटते याची मुलांनी खूण करावी. मग खडे भरलेली डबी आणि कागदाची हलकी होडी त्यात सोडावी. डबी कोठे रुतते आणि होडी कोठे उलटते, हे मुलांना आपोआप दिसेल. मोठे जहाज किनाऱ्यापासून दूर का रुतते, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरा पाठ भरती-ओहोटीचा. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असते. उधाणाच्या भरतीत रुतलेले जहाज सुटण्यास बहुधा पुढील उधाणापर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरवडा, थांबावे लागते. कोळीवाड्यातील मुलांना ही माहिती घरीच मिळालेली असते. त्यांना बोलते करावे. अशा पाठात ती वर्गाचे शिक्षक होऊ शकतात.

तिसरा पाठ शिस्तीचा. जहाजावर संकटाची खूण म्हणून सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजतो. तो ऐकताच प्रत्येकाने ठरल्या जागी जमावयाचे असते, आणि हा सराव प्रत्येक खलाशाला दरमहा करावा लागतो. शाळेतही घंटेची एखादी ठराविक खूण नेमून, आग किंवा पूर आल्यास कोणत्या वर्गाने कोठे जमावे, लहानांचा हात कोणी धरावा, हजेरी कोणी घ्यावी, हे ठरवून महिन्यातून एकदा सराव घ्यावा. भीतीच्या क्षणी मनुष्य विचार करून वागत नाही, सवयीने वागतो.

किनाऱ्यावरील शाळांनी एक सूचना अवश्य द्यावी. रुतलेले जहाज पाहण्यास गर्दी लोटते. जुहूलाही ती लोटली होती. जहाजाभोवतीची वाळू लाटांनी खणली जाऊन खोल खड्डे पडतात, ते पाण्याखाली दिसत नाहीत. तेल सांडलेले असते, लोखंड केव्हा कोसळेल याचा नेम नसतो, आणि पाहता पाहता भरती पाठीमागून येते. असे जहाज दीर्घकाळ तेथेच राहू शकते. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्याजवळ जून २००० मध्ये रुतलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ दहा वर्षांहून अधिक काळ हलले नव्हते. तेव्हा ‘दोन दिवसांत जाईल’ असे समजून दुर्लक्ष करू नये. मुलांनी ते दुरून पाहावे, वडील माणसांबरोबर पाहावे, आणि त्याच्या सावलीत कधीही जाऊ नये.

समुद्राकाठच्या मुलाला समुद्राचे भय घालावयाचे नाही. त्याचा स्वभाव शिकवावयाचा आहे. आपल्या वर्गातील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या जहाजावर असेल, भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब सूर कानी पडतील, आणि शाळेत लागलेल्या सवयीने पाय ठरल्या जागेकडे वळतील. शिक्षकाने घेतलेल्या दहा मिनिटांच्या सरावाचे चीज त्या दिवशी होईल.