मुक्त प्रणालींचा कारभार : परीक्षा घ्यायची कोणी?

नोकरीच्या जाहिरातीत ‘आरएचसीई असल्यास प्राधान्य’ असं छापलेलं असतं. रेड हॅट कंपनीच्या या लिनक्स प्रमाणपत्राचे पुण्या-मुंबईत क्लास चालतात. मग डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचं असं प्रमाणपत्र का नाही? ती प्रणाली डावी आहे की काय?

दर्जाचा इथे काही संबंध नाही. प्रमाणपत्राला आधी विकणारा लागतो. नव्वदच्या दशकात लिनक्स घेताना कंपन्यांची खरी धास्ती एकच होती : उद्या सर्व्हर बसला तर तो उठवणारा माणूस आणायचा कुठून? १९९९ मध्ये रेड हॅटने आरएचसीई सुरू करून त्या धास्तीवर उतारा दिला. वर परीक्षेची फी मिळते, प्रशिक्षणाचे पैसे मिळतात, आणि पास झालेला प्रत्येक जण पुढच्या नोकरीत रेड हॅटचीच शिफारस करतो. बिनपगारी विक्रेताच तो!

अर्थात परीक्षा लेचीपेची नाही. रेड हॅटच्या पहिल्या पायरीच्या, आरएचसीएसएच्या परीक्षेतही पर्याय निवडून खुणा करायची सोय नसते. समोर चालू मशीन असतं : वापरकर्ते तयार करा, डिस्कची जागा वाढवा, सेवा सुरू करा. खरी मेख पुढेच आहे. मशीन रीबूट केल्यावरही केलेलं सगळं आपोआप टिकलं पाहिजे. हाताने डिस्क माउंट केली आणि एफएसटॅब या फाइलमध्ये ओळ टाकायला विसरलात, तर रीबूटनंतर ती डिस्क गायब आणि गुणही गेले. सर्व्हर सांभाळणाऱ्याची याहून प्रामाणिक पारख मला माहीत नाही.

पण हे उभं करायला केवढा पसारा लागतो! दर आवृत्तीला नवे प्रश्न काढायचे, केंद्रं, पर्यवेक्षक, तक्रारींचं निवारण, वकील. डेबियनकडे ना कचेरी, ना पगारी नोकर. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढणारे हौशी लोक आणि पैसा-मालमत्ता सांभाळणारी एक ना-नफा संस्था, एवढाच संसार. शिवाय तिथे जवळपास सगळा कारभार चव्हाट्यावर चालतो आणि प्रश्नपत्रिका तर कुलपात ठेवावी लागते. मला विचाराल तर खरी अडचण पैशांपेक्षा या स्वभावाची आहे.

बीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणाली-कुळातल्या लोकांनी मात्र हिंमत केली. २००५ मध्ये काही मंडळींनी बीएसडी सर्टिफिकेशन ग्रुप काढला. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी आणि ड्रॅगनफ्लाय या चारही भावंडांसाठी एकच परीक्षा. प्रशासक रोज नेमकं काय करतात याची आधी पाहणी केली, मगच अभ्यासक्रम आखला. २००८ मध्ये बीएसडीए ही परीक्षा सुरू झाली. तंत्रज्ञांच्या परिषदा भरत, तिथे कागदावर पेपर घ्यायचे. हौसेला तोटा नव्हता, पण गावोगावी पर्यवेक्षक कोण पुरवणार? अखेर हे काम लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटकडे गेलं आणि २०१९ मध्ये तिने बीएसडी स्पेशालिस्ट ही परीक्षा आणली. ही संस्था कुठल्याच कंपनीची नाही. तिच्या एलपीआयसी-१ या परीक्षेत सॉफ्टवेअर बसवायच्या साधनांपैकी रेड हॅटच्या आरपीएमबरोबर डेबियनचं एपीटीही विचारतात. डेबियनवर काम करणाऱ्याला कागद हवाच असेल, तर तो बहुधा इथूनच घेतो.

गंमत म्हणजे डेबियनचीही एक परीक्षा आहे आणि ती चांगलीच चिवट आहे. डेव्हलपर व्हायचं तर तुमच्या डिजिटल किल्लीवर आधीच्या डेव्हलपरांनी सही केलेली लागते. मग प्रकल्पाची तत्त्वं, कार्यपद्धती आणि पॅकेज बांधण्याचं कसब, सगळं तपासलं जातं. हे महिनोन् महिने चालू शकतं. फी शून्य. भिंतीवर टांगण्याजोगं त्यातून काही हाती येत नाही. तुमचं नाव मात्र तुम्ही सांभाळत असलेल्या पॅकेजवर कोणालाही वाचता येतं. एचआरच्या अर्जात त्यासाठी रकाना नसतो, एवढंच.