टीपॉयचे चार पोशाख

दिवाणखान्यातल्या ज्या बुटक्या मेजाला आपण टीपॉय म्हणतो, त्या नावाचा चहाशी मुळात काही संबंध नाही. तीन पायांची ती तिपाई. पायाला फारसीतही ‘पाय’च म्हणतात. साहेबाने आपली तिपाई उचलली, आपल्या बोलीत घातली आणि पुढे त्यात त्याला स्वतःची ‘टी’ ऐकू येऊ लागली. आता तिला चार पाय आले, वर काच नाही तर सनमायका आला, नाव मात्र टिकले. उर्दू शाळेत शिकलेल्या आम्हाला या शब्दाची गंमत वाटते, म्हणून आधी सांगून टाकले. पान व्यापाराचे आहे, तेव्हा धंद्याकडे वळू.

कोल्हापुरात कापडाचे छोटे दुकान चालविणाऱ्या प्रत्येक बंधूला ठाऊक आहे की रेडिमेडने आपला निम्मा गल्ला नेला. शर्टपीस, ड्रेसपीस कापून नेणारे गिऱ्हाईक कमी झाले आणि ताक्याच्या शेवटी उरणारे सव्वा-दीड मीटरचे तुकडे कपाटात साचू लागले. पूर्वी ते आम्ही कटपीसवाल्याला देईल त्या भावाने देत असू. त्याच तुकड्यांवर आम्ही टीपॉयची कव्हरे शिवून घेऊ लागलो. सुरुवातीला फक्त ईद आणि दिवाळीपुरती. त्यात एक खोट होती, ती आमच्या ध्यानात फार उशिरा आली.

आमच्यासाठी घरी बसून शिवणाऱ्या पाच-सहा बायका आहेत. त्यांतल्या एका खालाजानने एकदा हिशेबाच्या वेळी विचारले, “भाईजान, दोन महिने तुम्ही आम्हाला रात्रीची झोप घेऊ देत नाही, आणि दहा महिने मशीनवर धूळ बसते. भाडे मात्र दर महिन्याला लागते ना?” आम्ही त्यावर काही बोलू शकलो नाही. सणाचा धंदा आम्हाला पुरत होता, त्यांना पुरत नव्हता. टीपॉयचा पोशाख मोसमाप्रमाणे बदलायचा, हा विचार तिथून सुरू झाला.

शिवाय ईदचा भरवसा धरून मोसमाचा माल ठरविता येत नाही. हिजरी साल इंग्रजी सालापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. २०१७ ची रमजान ईद २६ जूनला, म्हणजे भर पावसाळ्यात आली होती. २०२५ ची ३१ मार्चला, उन्हाच्या तोंडावर. हिशेबाप्रमाणे २०३० ची फेब्रुवारीच्या सुरुवातीला, थंडीत येईल. चंद्राप्रमाणे एखादा दिवस इकडेतिकडे. ‘ईदचे कव्हर’ म्हणून दरसाल तेच चमकदार सॅटीन मागविणारा व्यापारी एका वर्षी ओल्या हवेत विकतो, दुसऱ्या वर्षी उन्हात, आणि माल पडून राहिला की नशिबाला बोल लावतो. आम्हीही लावला आहे. दिनदर्शिका दोन्ही भिंतीवर हव्यात. रंग ईदचा घ्यावा, कापड मात्र मोसमाचे.

आता मापाचे बोलू, कारण नफा तिथेच आहे. समजा टीपॉय ३६ इंच लांब आणि १८ इंच रुंद आहे. चारी बाजूंनी पाच इंच लोंबते ठेवले तर कव्हर ४६ बाय २८ होते. दुमडीसाठी अर्धा-अर्धा इंच धरला की ४७ बाय २९. ५८ इंची पन्ह्याचे कापड असेल तर ४७ इंचांत, म्हणजे सुमारे १ मीटर २० सेंटिमीटरमध्ये, बरोबर दोन कव्हरे निघतात आणि चिंधी उरत नाही. मीटरचा भाव १२० रुपये धरा, तर एका कव्हराला कापड ७२ रुपयांचे लागते. लोंबते सहा इंच केले की आडव्या पन्ह्यात दुसरे कव्हर बसत नाही. गिऱ्हाईक “अजून थोडं लांब करा की” म्हणते, तेव्हा त्या एका इंचाची किंमत आधी सांगून टाकावी. कोऱ्या सुती कापडाला आटण्याची सोय ठेवावी, नाही तर आधी भिजवून वाळवून मगच कात्री लावावी.

उन्हाळ्याला इचलकरंजीचे केंब्रिक किंवा पॉपलीन पुरते. पांढरे, फिकट आकाशी, फिकट पिवळे. वर पितळी वाटीत मोगऱ्याची चार फुले ठेवली की काम झाले. आंब्याच्या दिवसांत पांढऱ्यावर रसाचा डाग पडतोच, म्हणून धुण्यास सोपे ते द्यावे, झालर नको.

पावसाळा हा कोल्हापूरचा खरा मोसम, आणि आम्ही सर्वांत जास्त ठोकर खाल्ली ती इथेच. एका साली गडद लाल सुती कव्हरे गौरी-गणपतीसाठी शिवली. पंधरवड्यात एक वहिनी कव्हर घेऊन दुकानात हजर. “हे काय चाचा? पाहुण्यांनी ओला पेला ठेवला, तर टेबल बी लाल झालं की!” रंग कच्चा निघाला होता. माल देणाऱ्याने हात झटकले. आम्ही कव्हर बदलून दिले, पॉलिशवाल्याचे पैसेही दिले, आणि उरलेला लाल माल बाजूला काढला. तेव्हापासून गडद रंगाचा ताका आला की त्याच्या टोकावर ओला पांढरा रुमाल जोराने घासतो. रुमाल रंगला, तर ताका परत. “मिठाच्या पाण्यात बुडवा, रंग पक्का होतो” असे काउंटरवर सर्रास सांगितले जाते. कारखान्यात कच्चा राहिलेला रंग घरच्या मिठाने पक्का होत नाही. गिऱ्हाइकाला असे सांगून आपण फक्त दोन दिवस मिळवितो.

आषाढ-श्रावणात इथे सुती कापड दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो, बुरशीचे ठिपके पडतात. पावसाळ्यात म्हणून पातळ टेरीकॉट द्यावे. बाटली हिरवा, गर्द निळा. लोंबते कमी. आणि द्यायची ती जोडी: एक टेबलावर, एक दोरीवर. एवढे एक वाक्य बोललो की बहुतेक गिऱ्हाइके दोन नेतात, आणि त्यात खोटे काही नाही. कव्हरावर पारदर्शक प्लॅस्टिक घालण्याची आपल्याकडे आवड आहे. लाकडी टीपॉयवर पावसाळ्यात ते घालू नका असे आम्ही स्वतःहून सांगतो. आत दमटपणा कोंडतो, वर गरम चहाची किटली येते आणि पॉलिशवर पांढरा धुरकट डाग उमटतो.

मालाच्या साठ्याबद्दल एक गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत आले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. बकरी ईद १२ ऑगस्टला होती, गणपती २ सप्टेंबरला. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर असून तिथला ताका आमच्यापर्यंत येईना, आणि आमच्या खालच्या फळीवरचा माल ओला होऊन गेला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. आता पावसाळी माल मृगाआधी शिवून तयार असतो, आणि जमिनीपासून चार फुटांखाली आम्ही काही ठेवीत नाही.

थंडीत सोलापुरी चादरीच्या वाणाचे जाड जॅकार्ड बरे दिसते. याच दिवसांत खणाला मागणी असते. गुळेदगुड्डचा खण अरुंद पन्ह्याचा, त्यामुळे टीपॉयच्या मधोमध घालायची पट्टी त्यातून फुकट न घालविता निघते. काळा रंग एरवी आमच्या दुकानात कोणी हातात घेत नाही. पण संक्रांतीला मराठी घरांत काळे वापरतात, म्हणून १४ जानेवारीआधीच्या पंधरा दिवसांत काळ्या खणाची पट्टी हातोहात जाते. १५ तारखेला ती कोणी विचारीत नाही, तेव्हा मोजकीच शिवावी.

शिलाईचे एक सांगायचे राहिले. प्लॅस्टिकच्या जाळीचे छापील कव्हर बाजारात आपल्यापेक्षा स्वस्त मिळते, आणि भाव पाडायचा म्हटले की व्यापाऱ्याचा हात पहिल्यांदा शिलाईवर जातो. आम्हीही एका साली नगामागे दोन रुपये कमी करून पाहिले. दुमडीचे टाके लांब आले, दोन धुण्यांत किनार उसवली, आणि बदलून देण्यात वाचविल्यापेक्षा जास्त गेले. दर पूर्ववत केला. आता मे महिन्यात पावसाळी, जुलैत गणपतीची, सप्टेंबरात दिवाळीची, नोव्हेंबरात थंडीची आणि जानेवारीअखेर उन्हाळी अशी शिलाई वाटून दिली आहे. ईद ज्या महिन्यात येईल त्या महिन्याचे कापड घेऊन मधे बसते. खालाजानची मशीन या जूनमध्येही चालू होती. फक्त दिवा गेला की पायाने चालवावी लागते, आणि तिला मोटर बसवून हवी आहे. त्याचे पैसे शिलाईतून हप्त्याने कापायचे की आम्ही निम्मे भरायचे, यावर आमचे तिच्याशी अजून बोलणे चालू आहे.