सायकलवरून उतरल्यावर अंग ताणावे का?

खेड्यातून रोज कितीतरी माणसे सायकलवर कामाला जातात. कोणी साखर कारखान्यात जातो. कोणी मागावर जातो. कोणी तालुक्याच्या दुकानात हिशेब लिहितो. आठ-दहा किलोमीटरची वाट म्हणजे पाऊण तास पाय चालवायचे. मग दिवसभर काम. संध्याकाळी पुन्हा तेवढीच वाट.

अशा माणसाला कोणी सांगतो, "अरे, सायकलवरून उतरलास की आधी अंग ताण. नाहीतर पाय धरतील." दुसरा हसून म्हणतो, "हे पैलवानांचे चोचले! आपल्याला काय करायचंय?"

यात खरे कोणाचे? दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. कसे ते पाहू.

पाय का दुखतात?

बऱ्याच दिवसांनी सायकल हाती घेतली, किंवा मागे जड ओझे बांधून चढ चढला, की दुसऱ्या दिवशी मांड्या आंबतात. लोक म्हणतात, "पायात आम्ल साचलं. ताणलं की निघून जाईल." तसे नाही. मेहनत करताना वाढलेले आम्ल तासाभरात आपोआप उतरते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे वेगळे असते. सवयीबाहेरच्या कामाने स्नायूंच्या बारीक धाग्यांना इजा होते. शरीर ती इजा भरून काढते. तीन-चार दिवसांत दुखणे जाते. रोजची सवय झाली की ते सहसा होतही नाही.

अंग ताणून हे दुखणे कमी होते का? 2011 साली संशोधकांनी असे 12 अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या एका अभ्यासात तर दोन हजारांवर माणसे होती. निष्कर्ष काय निघाला? रुपयाभर दुखणे असेल, तर ताणल्याने एक ते चार पैसे कमी होते. म्हणजे जवळजवळ नाहीच. तेव्हा कामाची वेळ झाली असेल आणि ताणायचे राहिले, तर मनाला लावून घेऊ नका.

मग ताणण्याचा उपयोग काय?

सायकलवर आपण कसे बसतो ते आठवा. पाठ पुढे वाकलेली, कंबर दुमडलेली, हात हँडलवर टेकलेले. गुडघा वर-खाली होतो, पण पुरता सरळ होत नाही. मागावर उभे राहून काम करणाऱ्याचे अंग नंतर चालता-फिरता मोकळे होते. पण शिलाईच्या मशीनवर बसणारी बाई किंवा हिशेब लिहिणारा कारकून सायकलवरून उतरून पुन्हा वाकूनच बसतो. त्यांना दोन मिनिटे अंग ताणल्याने बरे वाटते. अंग लवचीकही राहते. ते असे करावे :

1. पोटरी – भिंतीला हात टेका. एक पाय मागे न्या. मागची टाच जमिनीवर ठेवा आणि पुढे झुका.
2. मांडी – एका हाताने भिंत धरा. दुसऱ्या हाताने त्याच बाजूचे पाऊल मागून वर धरा. गुडघा खालीच असू द्या.
3. पाठ – सरळ उभे राहा. हात कमरेवर ठेवून हळूच मागे वाका.

पोटरी आणि मांडी वीस-तीस सेकंद ताणून धरा. मग दुसरा पाय घ्या. पाठ चार-पाच वेळा हळू वाकवली की पुरे. झटके देऊ नका. ओढ बसली पाहिजे, कळ येता कामा नये.

गुडघा रोज दुखत असेल तर?

इथे मात्र नीट लक्ष द्या. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला रोज दुखत असेल, तर ताणत बसण्याआधी सायकलची सीट पाहा. पाय चटकन जमिनीला टेकावे म्हणून पुष्कळ लोक सीट फार खाली ठेवतात. त्याने गुडघा जास्त वाकतो आणि त्यावर जोर येतो. हजारो वेळा तसे झाले की गुडघा कुरकुरणारच.

सीट तपासायला पैसे लागत नाहीत. सायकल भिंतीला लावा. सीटवर बसा. एक पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकलेलाच राहिला, तर सीट खाली आहे. टाच पोचवायला कंबर कलती करावी लागली, तर सीट वर आहे. पाना घेऊन बोटभर वर-खाली करा, मग दोन-चार दिवस चालवून पाहा. सीटच्या दांड्यावर खूण असेल, तर तिच्यावर दांडा काढू नका. तेवढा आत राहिला नाही तर तो निखळेल. चालवताना पाऊल पुढच्या भागाने पायडलवर ठेवा. म्हणजे गुडघा जरासा वाकलेला राहतो, आणि तेच योग्य.

एवढे करूनही दुखणे राहिले, गुडघा सुजला, किंवा बोटे सारखी बधिर होऊ लागली, तर सरळ सरकारी दवाखान्यात दाखवा. "कामाचं अंग आहे, दुखायचंच," असे म्हणून अंगावर काढू नका. गुडघा बसला तर रोजगारही बसतो.

थोडक्यात, अंग ताणा किंवा ताणू नका, ते तुमच्या सोयीवर आहे. पण सीट बरोबर असलीच पाहिजे. उद्या कामाला निघण्याआधी टाच पायडलवर ठेवून पाहा.