'फेकलेस' माणूस म्हणजे कोण? शिक्का मारायच्या आधी हे वाचा



आजचा शब्द आहे फेकलेस. थापा मारणाऱ्याला आपण 'फेकू' म्हणतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. 'इफेक्ट' या शब्दाचं स्कॉटलंडमध्ये झालेलं छोटं रूप म्हणजे 'फेक'. ज्याच्या असण्याने कामावर काही परिणाम होत नाही आणि ज्याला जबाबदारीही वाटत नाही, तो फेकलेस. थोडक्यात, कुचकामी आणि बेजबाबदार, दोन्ही एकदम.

'रेकलेस'शी गल्लत करू नका. भरधाव गाडी मारत डिलिव्हरीला जाणारा पोरगा रेकलेस. डिलिव्हरी राहिली तरी ज्याला काहीच वाटत नाही, तो फेकलेस. आणि कालच कामाला लागलेला मुलगा यातला कुणीच नाही, तो फक्त नवखा आहे.

आता आपल्याच भागातलं उदाहरण बघा. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि आटपाडी सांगलीत, पण तेव्हा दोन्ही औंध संस्थानात. 1939 मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेवरून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. शिक्षा झालेल्या कैद्यांची ही भिंती नसलेली वसाहत. लोकांनी वाया गेलेली ठरवलेली माणसं इथे कुटुंबासोबत राहून शेती करू लागली. 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा यावरूनच सुचला.

तिथे नुसता विश्वास नव्हता, हातात कामही होतं. दुकानातही तेच लागतं. म्हणून शिक्का मारायच्या आधी स्वतःला 3 प्रश्न विचारा:

1. काम एकाच्या नावावर आहे का? "कुणीतरी बघा रे" म्हटलं की कुणीच बघत नाही.
2. ते एकदा समोर करून दाखवलंय का?
3. चूक त्याच दिवशी सांगता, की पगाराच्या वेळी काढता?

एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर आधी ते दुरुस्त करा. नाहीतर चांगला पोरगा जाईल आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवत बसाल. तिन्ही उत्तरं 'हो' असून महिनाभरात फरक नसेल, तर पगार चुकता करून निरोप द्या. दोन माणसांच्या दुकानात एक फेकलेस म्हणजे अर्धं दुकान बंद.

आणि हो, शटर रोज उशिरा उघडणाऱ्या, उधारीची वही महिनोन्महिने न बघणाऱ्या मालकालाही हाच शब्द लागतो बरं का!